पाण्यावरच्या रेघा

हैदराबादच्या हिमायतनगरात माझी थोरली बहीण राहते. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला आता तीस वर्षे होत आली. भावोजींचे घराणे पाच-सहा पिढ्यांपासून हैदराबादचे. त्यांच्या मराठीत उर्दू इतकी विरघळलेली आहे की वेगळी काढताच येत नाही. वर्षाआड आठ-दहा दिवसांची रजा टाकून मी तिच्याकडे जातो. दिवसभर भटकायचे, संध्याकाळी ताईच्या हातचे जेवायचे आणि रात्री दोघांनी गावच्या गोष्टी काढून बसायचे, असा आमचा कार्यक्रम ठरलेला असतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत असाच गेलो होतो. आरटीसी क्रॉस रोड्सच्या बाजूला सिनेमागृहे आहेत, तिथून ताईबरोबर पायी येत होतो. एका थेटरावर भले मोठे पोस्टर. समुद्र, होडी, दाढी वाढवलेला नायक. तेलुगू अक्षर मला वाचता येत नाही. ताईला विचारले, काय लिहिलेय? तिने वाचले आणि रस्त्यातच थांबली. "तंडेल," ती म्हणाली. "आरे, हो तर आमचो तांडेल!"

आमचाच! होडी चालवणाऱ्याला, खलाशांच्या म्होरक्याला आपल्या सगळ्या किनाऱ्यावर तांडेल म्हणतात. हरमलला म्हणतात, मालवणात म्हणतात, दमणला तर ते आडनाव आहे. मराठ्यांच्या आरमारातही सारंग आणि तांडेल होतेच. जुन्या इंग्रजी कोशांत 'टिंडल' म्हणून तोच शब्द सापडतो आणि त्याचे मूळ मल्याळम की आणखी कुठले याची चर्चाही. पण समुद्रापासून तीनेकशे किलोमीटर आत, तेलुगू अक्षरांत तो समोर उभा राहील असे वाटले नव्हते. दुसऱ्याच दिवशी आम्ही तो सिनेमा पाहिला. ताई कानात भाषांतर करत होती आणि मागचा प्रेक्षक आमच्यावर चिडत होता.

सिनेमा म्हणून तो मला बेताचा वाटला (नायक जरा जास्तच नायक आहे), पण त्यामागची घटना खरी आहे. आंध्रच्या उत्तर टोकाला श्रीकाकुलम आणि विजयनगरम हे जिल्हे. तिथले मच्छीमार कामासाठी देश ओलांडून गुजरातेत येतात, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून राबतात. २०१८ च्या अखेरीस अशा बोटींवरच्या बावीस जणांना पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने धरले आणि कराचीच्या तुरुंगात टाकले. त्यातले वीस जण जानेवारी २०२० मध्ये वाघा सीमेवरून परतले. म्हणजे बंगालच्या उपसागराकाठचा माणूस अरबी समुद्रात पकडला गेला आणि पंजाबातून घरी आला. नकाशावर बोट फिरवून पाहावे, म्हणजे पोट माणसाला कुठून कुठे नेते ते कळते.

रात्री भावोजींनी विचारले, "पण ये लोगां तिकडे जातातच कशाला? सरहद्द माहीत नसते का?" भावोजींचे काही चुकले नाही. हैदराबाद हे समुद्र नसलेले शहर. ज्या राजपुत्राच्या नावावरून हिमायतनगर हे नाव पडले असे ते सांगतात, त्याच्याच नावाचा हिमायतसागर शहराबाहेर आहे, पण तो मुसीच्या १९०८ च्या महापुरानंतर बांधलेला तलाव! संस्थानाला समुद्राची ओढ मात्र होती. १९४७-४८ च्या धामधुमीत निजामाच्या दरबाराने पोर्तुगिजांकडे आमच्या मुरगाव बंदराबद्दल बोलणी चालवली होती. त्याच्याही आधी गोवळकोंड्याच्या सुलतानाची जहाजे मच्छलीपट्टणहून मक्केच्या वाटेला लागताना पोर्तुगिजांचा परवाना घेत. त्या परवान्याला म्हणत कार्ताझ. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी एक अजब गोष्ट केली. समुद्र आमचा आहे असे जाहीर केले आणि ज्याच्याकडे आमचा कागद नाही तो चाचा, असे ठरवले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक सुरू केले तेव्हा इंग्रजांनी त्यांनाच चाचा म्हटले. ज्याचा शिक्का चालतो त्याचा समुद्र, हा व्यवहार जुनाच आहे. मी सरकारी कारकून असल्यामुळे मला त्यात तो कागद जास्त दिसतो, इतकेच.

आता भावोजींच्या प्रश्नाचे उत्तर. सरहद्द माहीत नसते का? खरे सांगायचे तर तिथे ठरलेली सरहद्दच नाही.

कच्छ आणि सिंध यांच्यामध्ये सर खाडी आहे. सुमारे ९६ किलोमीटर लांब, दलदलीची, दर काही वर्षांनी पात्र बदलणारी. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कच्छचे राव आणि सिंधचे प्रशासन यांच्यात तिथे तंटा झाला. तो म्हणे काठावरच्या लाकडाच्या ढिगावरून पेटला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून प्रकरण मुंबई सरकारकडे आले आणि १९१४ मध्ये मुंबई सरकारने ठराव करून ते मिटवले. मिटवले म्हणजे कसे? नकाशावर हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने काढली, आणि मजकुरात नौकानयनाला योग्य अशा प्रवाहात हद्द मध्यातून असते हे तत्त्वही येऊ दिले. पाकिस्तान नकाशाची रेघ दाखवतो, भारत मजकुरातले तत्त्व दाखवतो. १९६८ च्या कच्छ लवादाने रणाचा निवाडा केला, खाडीला हात लावला नाही. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून पाहणी केली, तरी निकाल लागला नाही. आणि खाडीचे मुख कुठे हेच ठरले नाही, तर तिथून समुद्रात सुरू होणारी रेघ कुठून काढणार? म्हणून दोन देशांमध्ये सागरी सीमा अशी आजही नाही. सचिवालयातल्या कुठल्या तरी टेबलावर तो ठराव कुणीतरी सुवाच्य अक्षरात उतरवला असेल. तो आमच्याच जातकुळीचा, कारकून. नकाशा आणि मजकूर ताडून पाहण्याचे काम त्याचे नव्हते असे तो म्हणाला असता. आम्हीही तसेच म्हणतो.

मासळीला हा ठराव ठाऊक नाही. सिंधू नदीचा गाळ तिथे समुद्रात उतरतो, त्यामुळे मुखाजवळचे पाणी कोळंबीने आणि मोठ्या मासळीने भरलेले असते. गुजरातच्या किनाऱ्यालगत उपसून उपसून जाळी रिकामी येऊ लागली तशा बोटी वायव्येकडे सरकत गेल्या. मालक बंदरात असतो. डिझेल त्याचे, बर्फ त्याचा, आणि रिकामी बोट आणली तर शिव्या तांडेलाला. जावे की न जावे हे पाण्यावर तोच ठरवतो आणि धरले गेल्यावर मुख्य आरोपीही तोच. यात आपलीही माणसे आहेत. पालघर-डहाणूकडचे कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जलपरी' नावाच्या बोटीवर पाकिस्तानी यंत्रणेने गोळीबार केला, त्यात पालघर जिल्ह्यातला खलाशी गेला.

आपल्याकडेही पाकिस्तानी मच्छीमार पकडले जातात, हे सांगायला हवे. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानकडे २१७ भारतीय मच्छीमार होते, भारताकडे ८१ पाकिस्तानी. शिक्षा संपून राष्ट्रीयत्व पटले की महिन्याभरात सोडायचे असे त्याच करारात आहे. राष्ट्रीयत्व पटणे म्हणजे काय, तर गावच्या तलाठ्यापासून दिल्लीपर्यंत कागद जाणार, तिथून परत येणार. महिना मोजायला सुरुवात कधी होते ते त्या कागदालाच ठाऊक. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती २००७ मध्ये नेमली होती, ती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायची. तिची भेट २०१३ नंतर झालेली नाही. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यात कलम ७३ आहे. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात परक्या बोटीने मासेमारीचा नियम मोडला तर दंड करा, पण त्या दोन देशांत तसा करार नसेल तर तुरुंगवास देऊ नका, असे ते सांगते. भारताने हा कायदा १९९५ मध्ये मान्य केला, पाकिस्तानने १९९७ मध्ये. म्हणून मग माणसांना धरताना ती आर्थिक क्षेत्रात नव्हे तर आमच्या हद्दीच्या पाण्यातच होती, किंवा विनापरवाना देशात शिरली, असे लावायची सोय लागते. रेघ ठरलेली नसल्याचा हा उपयोग!

मी एवढे बोललो आणि ताई म्हणाली, "तू पाकिस्तान कशाला सांगतोस? बाबांचे सांग की."

तर आता घरचे.

आमचे घर पेडण्यातले, हरमलचे. आजोबा रांपणीचे. ज्यांनी रांपण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक टोक काठावर ठेवून होडीने भले मोठे जाळे समुद्रात अर्धवर्तुळात टाकत न्यायचे आणि दुसरे टोक लांबवर काठाला आणायचे. मग दोन्हीकडून चाळीस-पन्नास माणसे दोर ओढत बसणार. तास-दोन तासांनी जाळे काठाला लागते आणि बांगडे-तारल्यांचा ढीग वाळूवर तडफडू लागतो. हिस्से ठरलेले. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्याचा, देवाचा. ओढायला जो हात लावील त्याला टोपलीभर तरी मिळणार. हे जाळे मासळीच्या मागे जात नाही, मासळी काठाला येण्याची वाट पाहते. तिची सगळी गोम इथेच आहे.

मुक्तीनंतर, साठच्या दशकात, सरकारने यांत्रिक बोटींना कर्ज आणि अनुदान द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. बोटी खोल समुद्रात जातील, काठ रांपणकारांना राहील असे कागदावर होते. पण परदेशात भाव आला कोळंबीला, आणि कोळंबी राहते उथळ पाण्यात, तळाच्या चिखलात. मग ट्रॉलर खोल समुद्रात कशाला जाईल? तो तळ खरवडणारे जाळे घेऊन काठालाच आला. सरकारी योजना आखताना कोळंबीचा पत्ता विचारायचा राहून गेला होता. अनुदान ज्यांना मिळाले त्यांतले बरेच जण दर्यावर कधी न गेलेले होते, हे वेगळेच.

बाबा दोन भावांत धाकटे. थोरले अण्णाकाका रांपणीवर राहिले. बाबांनी मात्र मालीमच्या एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून नोकरी धरली, कारण तिथे महिन्याला रोख पैसे मिळत आणि ताईचा जन्म झाला होता. दोन-तीन वर्षांत ते तांडेल झाले. आणि १९७७ की ७८ (माझा जन्म त्यानंतरचा, आणि ताईला साल आठवत नाही) एका पहाटे त्यांचा ट्रॉलर हरमलच्या समोर, काठाच्या अगदी जवळ आला आणि रांपणीचे जाळे फाडून गेला. पुढे जाता आले नाही, कारण फाटलेले जाळे पंख्यात अडकले. गावच्या चार होड्यांनी ट्रॉलर घेरला. माणसे उतरवून वाळूवर बसवली. कंदील वर करून बघतात तर तांडेल म्हणून आमचे बाबा.

अण्णाकाका म्हणाले, "तुका भाव म्हणान सोडू, काय चोर म्हणान धरू?"

बाबा काहीच बोलले नाहीत. ताई सहा वर्षांची होती, आजीच्या लुगड्याला धरून वाळूत उभी होती. तिला तो कंदील आठवतो. बाबांच्या गालावर उजेड होता आणि ते खाली वाळूकडे बघत होते, एवढेच आठवते म्हणाली. माणसांना सोडले, मासळी ठेवून घेतली. मालकाने जाळ्याची भरपाई दिली नाही. घरात त्या वर्षीपासून दोन चुली झाल्या आणि गणपतीसुद्धा दोन बसले.

तशी धरपकड तेव्हा गोव्याच्या सगळ्या किनाऱ्यावर चालली होती. जाळी कापली गेली, ट्रॉलर जळाले. माथानी साल्ढाणा नावाच्या तरुण शिक्षकाच्या मागे रांपणकार एकवटले. पणजीला मोर्चे गेले, सचिवालयासमोर साखळी उपोषणे झाली. मागणी एकच होती, काठाचे पाणी आम्हाला ठेवा. इतर राज्यांतही हेच पेटले होते. १९७८ मध्ये देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांचा जो मंच उभा राहिला त्यात गोव्याचा वाटा मोठा होता. केंद्राने नेमलेल्या मजुमदार समितीने किनाऱ्याचे पट्टे पाडण्याची शिफारस केली, आणि १९८० मध्ये गोवा, दमण व दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. त्याच वर्षी केरळचा आला, पुढच्या वर्षी महाराष्ट्राचा. आमच्याकडे काठापासून पाच किलोमीटरपर्यंत यंत्राच्या बोटीने जाळे ओढायचे नाही असे ठरले. पाण्यावर आणखी एक रेघ ओढली गेली. साल्ढाणा पुढे आमदार झाले, मंत्री झाले आणि २०१२ मध्ये गेले.

ती रेघ सांभाळायची कोणी? मी नोकरीत लागल्यावर काही वर्षे ज्या टेबलावर होतो तिथे या तक्रारींची आवक नोंदवणे माझ्याकडे होते. खात्याचे नाव लिहीत नाही. अर्ज यायचा, "काल रात्री अमुक ट्रॉलर पाच किलोमीटरच्या आत होता." त्यावर शेरा पडायचा, "अंतर कसे मोजले ते कळवावे." अर्जदार बिचारा होडीत बसून अंधारात अंतर मोजणार! गस्तीची बोट बहुधा दुरुस्तीला. मी अर्ज दप्तरी लावायचो. एकदा अर्जाखाली अण्णाकाकांची सही होती. तोही दप्तरी लावला. ते मी त्यांना कधी सांगितले नाही, आणि ताईला त्या रात्री हिमायतनगरात पहिल्यांदा सांगितले.

घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीत मासेमारी आहे आणि बारा सागरी मैलांपलीकडची मासेमारी केंद्रसूचीत. म्हणजे बावीस किलोमीटरपर्यंत राज्य, पुढे केंद्र. पण राज्या-राज्यांमधली आडवी हद्द? जमिनीवर तेरेखोलची नदी आहे, पाण्यात काय आहे? मालवणचे मच्छीमार गोव्याचे ट्रॉलर पकडतात, गोवेकर मलप्याच्या बोटींना चोर म्हणतात, आणि मलप्याचे आणखी कुणाला म्हणत असतील. दिव्याच्या झोतात मासळी गोळा करून उचलण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री किनाऱ्यावरून दिवे दिसतातच. नोव्हेंबर २०२५ मध्ये आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम निघाले, यांत्रिक बोटींना आता प्रवेशपत्र लागेल. वाचताना मला कार्ताझच आठवला. पण हा कागद हवाच होता असेही मला वाटते. आपल्याच बोटींनी बारा मैलांपलीकडे काय करायचे याचे धड नियम इतकी वर्षे नव्हते.

गंमत म्हणजे मासळी कुठे मिळेल हे देशभरच्या मच्छीमारांना सांगणारी केंद्र सरकारची संस्थाही याच हैदराबादेत आहे. उपग्रहावरून पाण्याचे तापमान आणि हिरवेपणा पाहून ती रोज अंदाज देते. भावोजींना हे ठाऊक नव्हते. त्यांना फार अभिमान वाटला. (मासळी म्हणून ते मरळ खातात, रामनगरच्या बाजारातली, जिवंत. ताईने तीस वर्षांत तिला मासळी म्हटलेले नाही.)

गोवेकरांना हेही विसरायला होते की आमच्या मुक्तीच्या आधीच्या महिन्यातले एक कारण याच पाण्यात आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरच्या पोर्तुगीज शिबंदीने आधी 'साबरमती' या आगबोटीवर आणि मग मासेमारीच्या होड्यांवर गोळ्या झाडल्या. कारवारकडचा कोचरेकर नावाचा मच्छीमार त्यात मेला. बेट पोर्तुगिजांचे, किनारा भारताचा, मधले पाणी कुणाचे? तो तर नेहमीच्या जागी जाळे टाकायला गेला होता. महिन्याभरात, १८ डिसेंबरला, नौदल त्या बेटावर उतरले आणि तिथे आपले सात नौसैनिक पडले.

१९८६ मध्ये आजोबा गेले. तिरडीला पुढून दोन खांदे लागतात, ते दोन भावांचे. परत येताना दोघे काय बोलले कुणाला माहीत नाही, पण त्या वर्षी गणपती एकच बसला. बाबांनी ट्रॉलर त्याआधीच सोडला होता. २०११ मध्ये तेही गेले. अण्णाकाका आहेत, नव्वदीकडे झुकले आहेत, कान बरे आहेत.

सिनेमा पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी ताईने त्यांना फोन लावला आणि सगळी गोष्ट सांगितली. आंध्रची माणसे, वेरावळची बोट, कराचीचा तुरुंग, नायकाचे लग्न. त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. शेवटी विचारले, "तांडेल सुटलो?"

"सुटलो."

"आनी बोट दिली परत?"

ताईने माझ्याकडे पाहिले. माणसे वाघ्यावरून चालत आली होती. मी मान हलवली, आणि तिने फोनवर सांगितले, "ना."

"मग पुढल्या वर्सा खंयच्या बोटीर गेलो तो?" अण्णाकाकांनी विचारले.